लक्ष वेधण्याची धडपड: स्वभाव की विकार?

प्रश्न: चारचौघांत कोणी लक्ष दिले नाही की माझी धाकटी बहीण अस्वस्थ होते, कालची ओळख तिला आज जिवाभावाची मैत्री वाटते आणि रडण्याचे हसणे क्षणात होते. हा हिस्ट्रिऑनिक व्यक्तिमत्त्व विकार (सतत लक्ष वेधून घेण्याची गरज आणि भावनांचे अतिरेकी प्रदर्शन हा स्वभावाचा पक्का साचा होणे) असेल का?

उत्तर १: एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मार्गदर्शक ग्रंथातील ८ निकषांपैकी किमान ५ निकष तारुण्याच्या सुरुवातीपासून, निरनिराळ्या प्रसंगांत सातत्याने दिसावे लागतात आणि त्यामुळे नातेसंबंधांत किंवा कामात खरोखर अडथळा यावा लागतो. नुसता भडक स्वभाव हा आजार नव्हे. निदान मानसोपचारतज्ज्ञांनी करावे. घरच्यांनी शिक्का मारू नये.

उत्तर २: या विकारावर खास असे औषध नाही, दीर्घकाळ चालणारी समुपदेशनात्मक मानसोपचार पद्धती हाच मुख्य उपचार आहे, सोबत नैराश्य किंवा चिंता असल्यास तेवढ्यापुरती औषधे दिली जातात. अशा व्यक्ती बहुधा नैराश्य आल्यावर किंवा नाते तुटल्यावरच मदत घेतात, म्हणून ‘तुला विकार आहे’ असे सुनावण्यापेक्षा ‘तुला होणाऱ्या त्रासाबद्दल कोणाशी तरी बोलून पाहू’ असे सुचवावे.

उत्तर ३: आत्महत्येची भाषा निघाली, तर ती ‘नाटक’ म्हणून झटकू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.