मदत हवी आहे: पावसाळ्यात शेवंतीच्या काड्या कुजतात
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात घरामागच्या जागेत छोटी नर्सरी चालवते. उन्हाळा ५० टक्के शेडनेटखाली निभावतो, थंडीत रोपं हातोहात जातात. अडतं ते आषाढ-श्रावणात. झड लागली की शेवंतीच्या काड्या मातीलगत काळ्या पडून कुजतात. दसरा-दिवाळीची सगळी विक्री त्यांच्यावरच, म्हणून जीव तुटतो. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) वाळू मिसळते, ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशीही घालते. वर प्लास्टिक टाकलं तर पाऊस अडतो, पण आत दमट हवा कोंडते आणि बुरशी आणखी पसरते. राधानगरी, गगनबावड्याकडे याहून जास्त पाऊस झेलून रोपं करणारे कुणी आहेत का? छप्पर किती उंच ठेवता, बाजू उघड्या सोडता का? काड्या मे महिन्यातच लावून मुळं धरू दिली तर चालेल, की उन्हाने जातील?