गाईड घेऊन केलेलं माँ ब्लाँ आपलं म्हणायचं का?

पायवाट (म्युनिक):
आल्प्समधल्या सर्वांत उंच शिखराच्या, माँ ब्लाँच्या माथ्यावरचा फोटो पुण्यातल्या जुन्या ट्रेकमित्राला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "दोराला बांधून नेलं ना तुला? मग ते चढणं कसलं?" चार दिवस झाले, मनातून जात नाही.

सह्याद्रीत वीस वर्षं हिंडलोय, पण हिमनदी मला वाचता येत नाही. बर्फाखाली भेग कुठे आहे, कोणता हिमपूल पहाटे वजन पेलतो आणि दुपारी ढासळतो, हे हरिश्चंद्रगडावर कळत नाही. जाणत्या माणसाला पैसे देऊन ते शिकलो, यात कमीपणा कसला? ८ ऑगस्ट १७८६ ला हा माथा पहिल्यांदा सर झाला, तेव्हाही डॉ. पाकार यांच्या सोबत जाक बाल्मा होताच. स्फटिकं शोधत तो तिथले डोंगर धुंडाळायचा.

कातळवेडी:
बाल्माचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. त्या दोघांकडे दोर नव्हता, आइस अ‍ॅक्स नव्हती, नुसत्या लांब काठ्या होत्या. वाट दोघं मिळून शोधत होते. तुमच्या चढाईत किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, कधी मागे फिरायचं, यातलं तुम्ही काय ठरवलंत? पाय तुमचे होते हे मान्य. पण डोंगरात पायांपेक्षा निर्णय मोठा असतो, आणि तोच तुम्ही दुसऱ्याच्या हातात दिलात.

पायवाट:
दिला, आणि म्हणूनच परत आलो. पहिल्या खेपेला व्हालोच्या निवाऱ्यापाशी, ४,३६२ मीटरवर, वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. गाईडने माझा हातमोजा काढून बोटं दाबून पाहिली, मान हलवली आणि दोर खालच्या दिशेला वळवला. माथा साडेचारशे मीटरही वर नव्हता. माझ्यावर सोडलं असतं तर मी नक्की पुढे गेलो असतो. पैसे परत मिळाले नाहीत, मिळायचेही नव्हते. कधी परतायचं, हे मी त्या दिवशी शिकलो.

हिमरेषा:
तुम्ही दोघंही फक्त चढणाऱ्याबद्दल बोलताय. मला त्या गाईडबद्दल बोलायचंय.

माथ्याच्या वाटेवर मुक्कामाच्या दोन हट लागतात: तेत रूसची ३,१६७ मीटरवर, गूतेची ३,८३५ वर. मधे ग्रां कुलुआर, म्हणजे दगड कोसळणारी घळ. रात्रीच्या थंडीत गोठलेले दगड एकमेकांना धरून असतात, ऊन चढलं की सुटतात. तिथे उभं राहिलं की आधी आवाज येतो, कपाट सरकवल्यासारखा, आणि मग दगड दिसतो. गाईड म्हणतो "आता!" आणि आपण पळतो. आपण जाता-येता मिळून दोनदा. तो त्याच मोसमात किती वेळा? २०२२ च्या उन्हाळ्यात दगड इतके सुटले की गाईडांनी या वाटेवर लोकांना नेणंच थांबवलं. तरीही लोक गाईडशिवाय जात राहिले, तेव्हा पायथ्याच्या सें-झर्व्हे गावच्या महापौरांनी चढणाऱ्यांकडून १५,००० युरो अनामत घ्यायची सूचना केली: १०,००० सुटकेचे, ५,००० अंत्यविधीचे.

कातळवेडी:
हिमरेषा, थांबवलं ते त्यांनी स्वतःच ना? मग गाईड बिचारा कसा?

हिमरेषा:
बिचारा म्हटलं नाही मी. १८२० मध्ये हिमलोटात तीन गाईड गेले. दुसऱ्याच वर्षी पायथ्याच्याच शामोनी गावच्या गाईडांनी संघटना बांधली, काम पाळीपाळीने वाटून घेतलं, जखमींसाठी आणि मागे राहिलेल्या घरच्यांसाठी निधी उभारला. मानी माणसं आहेत ती. पण मोसम बुडाला की घरखर्चाला फटका बसतो, आणि सुट्टी टाकून आलेला माणूस समोर आशेने बघत असतो. ते ओझं आपण त्यांच्या पाठीवर ठेवतो.

पायवाट:
हे मला खरंच सुचलं नव्हतं. व्हालोहून उतरल्यावर गाईडचे मी धड आभारही मानले नव्हते, तोंड पाडून बसलो होतो. तरी कातळवेडी, तुमचं मला पटलेलं नाही. पुढच्या जूनमध्ये इटलीतलं ग्रान पाराडिसो करतोय, ४,०६१ मीटर, गाईड घेऊनच. या वेळी वाट मी आखणार आणि तो तपासणार, असं ठरलंय.

कातळवेडी:
वाट आखलीत की इथे टाका. निघायची वेळ आणि परत फिरायची वेळ, दोन्ही लिहा. मग भांडू.