नातवंडाची वाट आणि रानातली कामं : तुमचे अनुभव लिहा

द्राक्षवाली, निफाड
काल रात्री बाराची लाइट होती. हे मोटर चालू करायला मळ्यात गेले आणि दहा मिनिटांत लेकीच्या पोटात दुखायला लागलं. नववा भरत आलाय. फोन लावला तर यांचा फोन कॉटवरच वाजतोय! शेवटी बॅटरी घेऊन गच्चीवर गेले आणि मळ्याकडं तोंड करून हलवत राहिले. हे आले पळत, पाय चिखलानं भरलेले. तोवर बाईसाहेब गाढ झोपलेल्या. संध्याकाळची भजी बाधली होती.

पण बॅटरी हलवताना १९९७ आठवलं. मी माहेरी बाळंतपणाला, आबा रात्री गव्हाचं बारं द्यायला गेलेले, आणि आईनं अशीच बॅटरी हलवून त्यांना बोलावलं. दोघांची खूण ठरलेली होती, मला पत्ताच नव्हता. आबा नंतर म्हणाले, महिनाभर एक वाफा पाण्याकडं बघायचो आणि एक वाफा घराकडं. तेव्हा झाली ती हीच लेक.

आता द्राक्षाच्या छाटणीला ४८ दिवस झालेत, दुसरं डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम) तोंडावर आणि डॉक्टरांनी तारीख दिलीय तीही त्याच आठवड्यातली. तुमचं कसं झालं ते लिहा.

कापूसवाली काकू
माय वो, हसूबी आलं न डोळेबी भरले. आमचा नातू पुण्याले झाला, ऐन पयल्या वेचणीत. वेचाले बाया भेटेना, मी जाऊ कशी? सारं इहीणबाईनंच केलं. बारशाले गेली तं घरच्या कापसाची इवलुशी गादी नेली. सून म्हणे, आई, डॉक्टरनं मऊ गादी नाही सांगितली. आता त्या गादीवर मांजर झोपते.

गोठेवाला
आमच्यात सून आणि म्हैस, दोघींची तारीख एकाच महिन्यात. बायको दवाखान्यात, मी गोठ्यात. तिचा फोन आला, "झालं, दोघी बऱ्या आहेत." मी म्हटलं, इकडं अजून नाही, नुसती कास उतरलीय. चार दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हशीनं अजून आठवडा घेतला, रेडी झाली. नातीच्या बारशाला खरवस घरचाच.

मिस्त्री
ताई, मोटरला ऑटो बसवा. घरबसल्या फोनवरून चालू-बंद.

द्राक्षवाली, निफाड
बसवलाय हो भाऊ. उंदरानं वायर खाल्ली.

मिस्त्री
पेटीची भोकं बुजवा आधी. आमच्याकडं पालीनं स्टार्टर जाळला.

रत्नागिरीकर आजी
लेक मस्कतला, नातू जुलैत, आणि आमची लावणीही जुलैतच. आमच्याकडे रेंज फक्त बांधावरच्या काजूखाली. एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्या हातात फोन, वरून धो धो. जावई ओरडतोय, आई, कॅमेरा पुसा! पुसणार कशानं, पदर चिखलाचा. पहिल्यांदा पाहिलं ते नुसतं गुलाबी काहीतरी.

कांदेवाला
माझी नात आठव्यातच आली. १४०० ग्रॅम. १९ दिवस काचेच्या पेटीत होती. इकडं काढलेला कांदा रानात पातीखाली झाकलेला आणि अवकाळीचं आभाळ. मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून आभाळाकडं बघायचो, पण ध्यान मागच्या दाराकडं. चुलत भावाशी बांधावरून बोलणं बंद होतं. त्यानंच माणसं लावून कांदा साठवणीच्या चाळीत टाकला, मला न विचारता. घरी आलो तेव्हा कळलं. नात आता तीन वर्षांची आहे, दिवसभर त्याच्याच ओट्यावर असते.

द्राक्षवाली, निफाड
दादा, हातातलं लाटणं तसंच राहिलं वाचून.

कापूसवाली काकू
देव बरं करो लेकराचं.

सोयाबीन ६५
नातू पाहिजे का नात, ताई?

द्राक्षवाली, निफाड
लेक सुखरूप सुटी झाली म्हणजे मिळवली. सासूबाई रोज पोट बघून सांगतात, आणि दर गुरुवारी मत बदलतात.

नवीन आजी
कुणी डिंकाच्या लाडवांचं प्रमाण सांगेल का? माझे दगड झाले. आमचे हे म्हणतात, कुत्र्याला मारायला वापरले तरी चालतील.

रत्नागिरीकर आजी
पाक पुढे गेला असणार. कुटून दुधात घाल, कोणाला कळणार नाही. पुढच्या वेळी गूळ नुसता विरघळू दे.

बागाईतदार
ताई, द्राक्षावर डाऊनी रोग आहे का तुमच्याकडं? आमच्या प्लॉटला ढगाळ हवेनं पानांमागं पांढरं दिसतंय.

द्राक्षवाली, निफाड
खालच्या पानांवर थोडी आहे, फोटो टाकते रात्री. सकाळी लेकीला दाखवून आणलं, अजून वेळ आहे म्हणून घरी पाठवलं. बाया आल्यात विरळणीला, त्यांचा चहा व्हायचाय. यांनी कालपासून फोन दोरीनं गळ्यात अडकवलाय. तरी निघताना म्हणालेच, नाहीच लागला तर बॅटरी हलव. धाकट्याला सेल आणायला पाठवलंय.

मिस्त्री
चार्जिंगची घ्या ना ताई.

द्राक्षवाली, निफाड
लाइट बाराला येते, भाऊ.