मदत हवी आहे: कापडावर डकवलेले जुने नकाशे कोकणच्या दमट हवेत कसे सांभाळावेत?

नमस्कार मंडळी,

चिपळूणच्या घरी आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुने नकाशे आहेत. बहुतेक सर्व्हे ऑफ इंडियाचे, एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे, ४७ जी आणि ४७ एच या भागांतले. म्हणजे दापोली ते राजापूर हा सगळा पट्टा. काही कागद चौकोनात कापून, घडीपुरती फट सोडून कापडावर डकवले आहेत. त्यांच्यासोबत हाताने रंगवलेला एक गावनकाशाही आहे. सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) पाणंदी, विहिरी, देवरहाटीची (देवासाठी राखलेल्या राईची) हद्द, सगळं त्यात आहे. आज त्यातलं बरंचसं जागेवर उरलेलं नाही, म्हणून जीव तुटतो.

पावसात घरातली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. कापडाच्या कडांना तपकिरी ठिपके पडलेत. जिथे खळ लावली आहे नेमकी तिथेच कसर लागली आहे. गावनकाशात हिरव्या रंगाने भरलेला भाग मागून करपल्यासारखा दिसतो.

गावातल्या झेरॉक्सवाल्याने लॅमिनेशन सुचवलं, पण मन धजत नाही. मागचं कापड सोडवावं का? घड्या उलगडून सपाट ठेवावेत की सुरळी करावी? डांबरगोळ्या पुरतील का? पावसाळ्याआधी काहीतरी करायचंच आहे.

प्रतिसाद १

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद कागदात उतरून पिवळा पडतो.

कापड घरी सोडवू नका. खळ पाण्याने सुटते खरी, पण त्याच पाण्याने हाताने भरलेला रंगही फुटतो. शिवाय घड्यांवर आज नकाशाला तेच कापड धरून आहे. हिरवा बहुधा तांब्यापासून केलेला रंग असावा. तो कागद आतून खात जातो आणि ओलाव्यात हे जास्त वेगाने होतं. त्यावर घरगुती उपाय नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, हा एक नकाशा तिथल्या जाणकारांना आधी दाखवा.

बाकीचे सपाट ठेवा. प्रत्येक नकाशा पॉलिएस्टर फिल्मच्या पाकिटात, मागे आम्लरहित कागद, पाकिटाच्या दोन कडा उघड्या. फिल्म पॉलिएस्टरचीच घ्या, पीव्हीसी नको. फार मोठा असेल तर निदान १० सेंटीमीटर व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळा. नळीच्या आत सारला की काढताना कडा फाटतात.

प्रतिसाद २

डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही. आर्द्रता ६५ च्या वर राहिली की ती धरतेच, त्यामुळे आधी हवा कोरडी करा. एका लहान खोलीत डीह्युमिडिफायर लावून ५० ते ५५ वर ठेवता आलं तर उत्तम. सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) फक्त घट्ट झाकणाच्या पेटीतच उपयोगी पडतं आणि भिजलं की गरम करून सुकवावं लागतं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कोकणात ती भिंत पावसाळाभर पाझरते.

ठिपके ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हातही टाकू नका, रंग उडतील. मास्क लावून, सावलीत, मऊ ब्रशने कोरडेच झाडा. आणि काहीही करण्याआधी प्रत्येक नकाशाचे दोन्ही बाजूंनी चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पॉलिएस्टर फिल्म आणि आम्लरहित कागद पुण्यात किंवा मुंबईत सुटे कुठे मिळतात? मोठा नकाशा साधारण ३ फूट बाय ४ फूट आहे.