मॉडेलला कामाला जुंपणं: पीएचडी की नुसती नळजोडणी?

खानापूरची_लेक
माझा पीएचडीचा विषय भाषा-मॉडेलला (चॅटजीपीटीमागे असतं तसं) ऑटोमेशनच्या, म्हणजे संगणकावरची कामं आपोआप करणाऱ्या, साधनांशी जोडण्याचा आहे. आपण मराठीत सांगायचं, "जमिनीच्या या उताऱ्यांवरून कर्जाचे अर्ज भर"; मॉडेल पायऱ्या ठरवणार, साधन फॉर्म उघडून रकाने भरणार. परवा काका चहा पिता पिता म्हणाले, "हे संशोधन नव्हे, नळजोडणी." तुम्हाला काय वाटतं?

उद्यमबाग_फोरमन
काका बरोबर बोलले की! आमच्या फौंड्रीत ऑर्डरी चढवायला साधी स्क्रिप्ट आहे. अडली की अडलेली दिसते. तुमचं मॉडेल अडत नाही, ठोकून देतं. एक पायरी शंभरात ९५ वेळा बरोबर धरा. अशा २० पायऱ्या ओळीनं बिनचूक व्हायची शक्यता ३६ टक्के. माझी शंभरातली ६४ कास्टिंग रिजेक्ट निघाली तर मालक गेट दाखवेल. तुम्हाला मात्र डॉक्टरेट.

शहापूरकर
शिवाय शिळं होणार. मॉडेलला बाहेरची साधनं जोडायच्या तयार सोयी आल्याच आहेत: ओपनएआयचं फंक्शन कॉलिंग जून २०२३ चं, अँथ्रॉपिकचं एमसीपी नोव्हेंबर २०२४ चं. कंपन्या वर्षा-दीड वर्षात जोडणी उरकून मोकळ्या. प्रबंध बांधणीला जाईपर्यंत उरणार काय?

खानापूरची_लेक
जोडणी उरकली, हे मान्य. पण २०२३ ची वेबअरीना चाचणी बघा. वेबसाइटवरची साधी कामं, ब्राउझर हाताशी दिलेला. तरी ओपनएआयच्या जीपीटी-४ मॉडेलला जेमतेम १४ टक्के जमली, माणसांना ७८. म्हणजे नळ जोडलेला होता, तरी पाणी भलतीकडे गेलं. आणि दादा, तुमचा ३६ चा हिशेब मध्ये कुणी तपासतच नाही असं धरून आहे. तपासणी कुठे बसवायची आणि माणसाला कधी हाक मारायची, हाच तर माझा विषय.

निपाणी_सोसायटीवाला
ताई, उताऱ्याचंच घ्या. आपल्याकडचा, कर्नाटकातला उतारा कन्नडमध्ये, क्षेत्र एकर-गुंठ्यात. २.२० म्हणजे २ एकर २० गुंठे, अडीच एकर. मी हौसेनं एका मॉडेलला फोटो दिला. कन्नड झकास वाचलं, नाव बरोबर, सर्व्हे नंबर बरोबर, आणि क्षेत्र लिहिलं "२.२ एकर". १२ गुंठे गायब! फॉर्म इतका स्वच्छ भरलेला की मीसुद्धा आधी सही करणार होतो. पलीकडे कागलात शेत असेल तर सातबारा हेक्टर-आरमध्ये, ते वेगळंच. इथं बांधाच्या दोन हातांसाठी भाऊ भावाशी बोलत नाही, ठाऊक आहे ना?

उद्यमबाग_फोरमन
बघा! मी काय म्हणत होतो?

खानापूरची_लेक
उलट हे माझ्या बाजूचं उदाहरण. मॉडेलनं आकडा नीट वाचला, पण साधनानं एकच रकाना ठेवला आणि काहीही गिळलं. एकर आणि गुंठे वेगळे मागा, गुंठे ४० च्या आतच घ्या, शंका आली तर सोसायटीच्या सचिवांना विचारा. एवढ्यानं किती चुका अडतात, ते मोजायचंय.

शहापूरकर
हे तर फॉर्म नीट बनवणं झालं. त्यात मॉडेलची अक्कल कुठे?

खानापूरची_लेक
शंका कधी घ्यायची, यात. प्रत्येक उताऱ्याला हाक मारली तर सचिव संगणक बंद करून हातानंच लिहितील.

निपाणी_सोसायटीवाला
लिहितोच की अजून. बरं, २०० जुने उतारे नावं झाकून देतो. चालवून दाखवा. चुका मी मोजणार, तुम्ही नव्हे. काहींवर गुंठ्यापुढे आणेही आहेत, १६ आण्यांचा गुंठा. आधीच सांगून ठेवतो.