मदत हवी आहे : लाँगब्रिजच्या कामगारांच्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. बर्मिंगहॅमला आमच्या शेजारी एक आजोबा आहेत. लाँगब्रिजच्या ऑस्टिन मोटार कारखान्यात मिनी गाडीला दारं बसवायचे. त्यांचे वडीलही तिथेच होते. परवा त्यांनी वडिलांचा पितळी बिल्ला दाखवला. नंबर पार झिजलाय, शेवटचे 47 तेवढे बोटाला लागतात. वडील कधी लागले, कारखान्याच्या कोणत्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात होते, हे त्यांना शोधायचंय.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये चासी नंबरवरून जुन्या गाडीचा दाखला मिळतो. माणसाचा कुठे मागायचा? 2005 मध्ये हा कारखाना चालवणारी एमजी रोव्हर कंपनी बुडाली, तेव्हा कामगारांची जुनी रजिस्टरं कुणाकडे गेली? वॉरिक विद्यापीठाच्या मॉडर्न रेकॉर्ड्स सेंटरमध्ये युनियनचे कागद कुणी चाळलेत का? त्यांत साध्या सभासदांची नावं सापडतात, की फक्त पुढाऱ्यांची? आजोबा नव्वदीला टेकलेत, म्हणून जरा घाई आहे.