पोलीस ठाण्यात गेलात तेव्हा काय झालं? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

सीताबर्डीच्या बाजारात, बर्डीच्या गर्दीत आमच्या शेजारच्या काकूंची पर्स मारली गेली. "ठाण्यात जाऊन काय होते बाप्पा?" म्हणत त्या तक्रार न करताच घरी आल्या. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, म्हणून हा धागा काढते आहे.

पोलिसांवरचा भरवसा मोठ्या कारवायांच्या बातम्यांनी ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. ठाण्यात शिरल्यावर समोर जो ठाणे अंमलदार बसलेला असतो, तो कसा बोलतो आणि लिहून घेतो की नाही, यावर तो ठरतो. चांगलं-वाईट दोन्ही लिहा. ठाण्याचं किंवा कर्मचाऱ्याचं नाव मात्र नको.

सायली, मानेवाडा

बसमध्ये बॅगेची चेन उघडून माझा मोबाईल काढला. ठाण्यात सांगितलं तर टेबलावरचे दादा म्हणाले, "ताई, हरवला असं लिहा ना, लवकर होऊन जाईल. चोरीचं लिहिलं तर चकरा तुम्हालाच पडतील."

ऐकायला हा आपल्या भल्याचा सल्ला वाटतो. पण 'गहाळ' लिहिलं की गुन्हाच नोंदला जात नाही, मग तपास कशाचा करणार? नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत; माझा फोन त्याहून बराच महाग होता. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिताकुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सांगून ठेवलंय. मी हे म्हटलं तर समोरचा आवाज चढला.

तेवढ्यात आतून एक पीएसआय मॅडम आल्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं आणि गुन्हा नोंदवून घेतला. एफआयआरची प्रत मोफत हातात दिली. चोरीचे-हरवलेले मोबाईल बंद करायच्या सरकारी सीईआयआर पोर्टलवर फोनचा आयएमईआय नंबर टाकून फोन ब्लॉक कसा करायचा, तेही दाखवलं. फोन आजवर मिळालेला नाही. तरी पुन्हा गरज पडली तर मी त्याच ठाण्यात जाईन, त्या मॅडममुळे.

गांधीबागचा व्यापारी

आमची चोरीची गाडी पोलिसांनी शोधून आणली, त्यांचं कौतुकच आहे. पण नंतर ती ठाण्याच्या आवारात ऊन-पावसात पडून राहिली. मुद्देमालाचं काम पाहणारा दर वेळी "चहापाण्याचं पाहा, शेठ" म्हणायचा. शेवटी वकिलामार्फत कोर्टात अर्ज केला, सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, गाडी मिळाली. जप्त वाहनं ठाण्यात सडवू नका, असा सुप्रीम कोर्टाचा २००२ चा निकाल आहे, हे वकिलाकडूनच कळलं. पैसे मागितले तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा टोल-फ्री नंबर आहे. लिहून ठेवा.

राधिका, प्रतापनगर

पासपोर्टच्या पडताळणीला आलेल्या अंमलदारांनी घरी चहासुद्धा घेतला नाही. "ड्युटीवर आहो, ताई" म्हणाले. बस, एवढंच.

निवृत्त हवालदार

सायलीताई, तुम्हाला 'हरवला लिहा' काऊन म्हणतात, ते आतून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. दर महिन्याला गुन्हे आढावा बैठक होते. ज्या ठाण्याचा आकडा वाढला, त्या ठाणेदाराला तिथे जाब द्यावा लागतो. मग तो परत येऊन खाली सांगतो, 'पाहून लिहा.' टेबलावरचा शिपाई ते बरोब्बर समजतो. जो ठाणेदार प्रामाणिकपणे सगळे गुन्हे नोंदवतो, त्याचं ठाणे कागदावर वाईट दिसते. जो परत पाठवतो, त्याचं चांगलं दिसते. जोवर वरचे साहेब नोंदलेला आकडाच पाहून राहिले, तोवर खालच्याला नीतीचे धडे देऊन काही होणार नाही.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग दीक्षाभूमीचा बंदोबस्त, डिसेंबरात अधिवेशन. ज्याच्याकडे तपासाची फाईल आहे, तोच बॅरिकेडजवळ उभा असतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, असं प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सांगितलं. ठाण्यात मात्र मी तेच हात दोन्हीकडे धावताना पाहिले.

हे सगळं खरं असूनही फिर्यादीशी नीट बोलायला जास्त माणसं लागत नाहीत. माझ्या पहिल्या ठाणेदार साहेबांचा नियम होता: आलेल्याला आधी खुर्ची, मग पाणी, मग प्रश्न. तो आम्ही सगळे पाळत होतो, कारण साहेब स्वतः पाळत होते.

अ‍ॅड. म., सिव्हिल लाईन्स

विदर्भाने तर ठाण्यामुळे देशाचा कायदा बदलताना पाहिलाय. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. त्यावर देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. २०१३ पासून तर अशी तक्रार नोंदवायला नकार देणं हा त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा ठरतो.

तरीही मी सोबत गेलेल्या एका मुलीला चार लोकांसमोर टेबलावरच विचारलं गेलं, "काय केलं त्यानं, सांग." ती गप्प झाली. दुसऱ्या एका ठाण्यात महिला अधिकाऱ्याने आधी खोली रिकामी करून दार लावलं, मोबाईल बाजूला ठेवला आणि जबाब मुलीच्या शब्दांत लिहून घेतला. दोन्ही ठाण्यांना कायदा एकच आहे.

उत्तर नागपूरचा जुना रहिवासी

१३ ऑगस्ट २००४ विसरता येत नाही. कस्तुरबानगरच्या बायांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात ठार केलं. त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन गेलं की आम्हालाच हाकलतात, असं वस्तीतल्या बाया उघड सांगत होत्या. पुढे २०१४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. जमावाने न्याय करणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण पहिल्याच तक्रारीला कुणी लिहून घेतलं असतं तर, हा विचार मी कधीच सोडू शकलो नाही.

सायली, मानेवाडा

काका, ती पीएसआय मॅडम त्या दिवशी नसती तर मी काय करायला हवं होतं?

निवृत्त हवालदार

तक्रार लेखी द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागायची. घेतलीच नाही, तर स्पीड पोस्टाने डीसीपी (पोलीस उपायुक्त) साहेबांकडे पाठवायची, त्याची पावती जपायची. तिथेही दाद लागली नाही, तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. हद्दीवरून कोणी वाद घातला तर झिरो एफआयआर म्हणा, म्हणजे हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर. १ जुलै २०२४ पासून तो नव्या संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लिहिलेलाच आहे. आणि पोचेवर शिक्का, तारीख, वेळ हे तिन्ही तिथेच उभं राहून पाहून घ्या.